पालथा हात

त्यांना काका म्हटलेलं चालत नसे. पहिल्याच भेटीत मी म्हटलं, तेव्हा त्यांनी हातातला कॉफीचा कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "मी तुझा काका नाही. तुझ्या वडिलांना मी ओळखतही नाही. इथे आपण कलीग." हे त्यांनी मराठीत सुरू केलं आणि जर्मनमध्ये संपवलं. पुढे ते माझ्याशी इतकं सलग मराठी क्वचितच बोलले. तोंडावर मी त्यांना आडनावाआधी 'हेर', म्हणजे जर्मन 'श्रीयुत', लावून हाक मारायचे, आणि ते खोलीत नसले की त्यांच्या बायकोशी बोलताना काका म्हणायचे. इथेही काकाच म्हणते. आता ते येऊन कप खाली ठेवणार नाहीत.

आधीच सांगते, मी हे प्रेमाने लिहीत नाहीये. माझा त्यांच्यावर राग आहे, आणि तो इतका आहे की त्यांना सरळ 'तो' म्हणावंसं वाटतं. पण लिहायला बसलं की क्रियापद आपोआप आदरार्थी होतं. त्याला माझा इलाज नाही.

मी जर्मनीतल्या नेकारसुल्मला आले ती दोन हजार दोनच्या हिवाळ्यात, पुण्याहून, गाड्यांच्या कारखान्यात, दोन वर्षांच्या करारावर. काका माझ्या विभागाचे प्रमुख होते. मूळचे मिरजेचे. बहात्तर साली शिकायला म्हणून आले आणि इथलेच झाले. किती इथले, तर भारताबद्दल बोलताना ते 'तुमच्याकडे' म्हणायचे. "तुमच्याकडे अजून वीज जाते का?" "तुमच्याकडे त्या आंब्याचं एवढं कौतुक का असतं?" समोर काकू घेवड्याच्या शिरा काढत बसलेल्या असायच्या. त्या मान वर न करता म्हणायच्या, "आमच्याकडे असतं बाई."

त्यांच्याकडे एक छोटं यंत्र होतं. चकती फिरवून दाबलं की काळ्या चिकटपट्टीवर पांढरी अक्षरं उठायची. त्या यंत्राने त्यांनी सगळं घर नावानिशी लावून टाकलं होतं. दिव्यांची बटणं, किल्ल्या, छत्र्या, स्वयंपाकघरातले मसाल्याचे डबे, सगळं जर्मनमध्ये. काकूंनी त्या पट्ट्या वाचायच्या नाहीत असं बहुधा लग्नानंतर लगेचच ठरवलं असावं. 'साखर' लिहिलेल्या डब्यात त्या पोहे ठेवत आणि 'मीठ' लिहिलेल्या डब्यात शेंगदाण्याचं कूट. काका चहा करायला गेले की आतून त्यांचा अर्धा जर्मन, अर्धा मराठी आवाज यायचा, "आल्झो, हे काय आहे?" काकू बाहेरूनच सांगायच्या, "उघडून बघा की. लिहिलेलं कशाला वाचताय?"

महाराष्ट्रातून कुणी नवं रुजू झालं की काका त्याला पहिल्या आठवड्यातच जेवायला बोलवत आणि जेवणाआधी मानेचा धडा देत. आपली मान हो म्हणताना आडवी डोलते. जर्मन माणसाला ते 'नाही' वाटतं, फार तर 'बघू' वाटतं. "हो म्हणजे वर-खाली. नाही म्हणजे डावी-उजवी. मधलं काही नाही." त्यांनी स्वतः बहात्तर साली भाड्याच्या खोलीत आरशासमोर उभं राहून, डोक्यावर वही ठेवून हा सराव केला होता. मला खुर्चीवर बसवून त्यांनी वीस प्रश्न विचारले. थंडी वाजते का? घर मिळालं का? काम आवडलं का? माझी मान डोलली की ते टेबलावर पेन्सिल आपटत. तेवढ्यात काकूंनी आतून डोकावून विचारलं, "अगं, तूप वाढू ना पोळीला?" आणि माझी मान पुन्हा डोलली. "आजारच आहे हा," काका म्हणाले. मी हसले. तेव्हा मला ते फार मजेदार वाटले होते, हे कबूल करायला हवं.

पण त्यांचं खरं राज्य होतं पाण्याखाली. गावात डायव्हिंगचा एक फेराइन होता, म्हणजे हौशी लोकांचं मंडळ, आणि काका त्याचे सुरक्षाप्रमुख होते. दर गुरुवारी संध्याकाळी गावच्या बंदिस्त तलावात सराव असायचा. पाण्याखाली बोलता येत नाही ही काकांना फार मोठी सोय वाटायची. "तिथे सगळे एकाच गावचे," ते म्हणायचे. मला वाटतं त्यांना म्हणायचं होतं की तिथे त्यांचे उच्चार कुणाला ऐकू येत नाहीत. जर्मन त्यांचं उत्तम होतं, पण टपालाच्या खिडकीवरची बाई अजूनही त्यांच्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलायची. तिथून ते घरी आले की तासभर कुणाशी बोलत नसत.

मला त्यांनी फेराइनमध्ये ओढलं, पण मला पोहायलाच येत नव्हतं. ते शिकवलं हाइकेने. हाइके आमच्याच कारखान्यात होती, पन्नाशीला आलेली, आखूड करड्या केसांची. रंगवून आलेल्या गाड्या तपासायचं तिचं काम. पांढऱ्या नळ्यांच्या उजेडात गाडी उभी असायची, ती तिच्याभोवती एकच फेरी मारायची, आणि केसाएवढा ओरखडा असला तरी त्याभोवती मेणखडूने गोल काढायची. तिने पास केलेली गाडी परत आली असं मी कधी ऐकलं नाही. तलावात ती कमरेएवढ्या पाण्यात माझे दोन्ही हात धरून उलटी उलटी चालायची आणि म्हणायची, "मी बघतेय. तू फक्त श्वास घे." सव्विसाव्या वर्षी मी तिच्या जिवावर पोहायला शिकले. या देशात माझ्यासाठी कुणी विनाकारण काही केलं असेल तर ते तिने.

हाइके वीस वर्षं डायव्हिंग करत होती आणि त्यातली बरीच वर्षं काकांची बडी होती. बडी म्हणजे पाण्याखालचा जोडीदार. बडीवर नजर ठेवायची, त्याची हवा संपली तर आपल्या टाकीतली द्यायची. ते सगळं चालतं हातांच्या खुणांवर, आणि खुणांच्या बाबतीत काका भयंकर कडक होते. अंगठा आणि तर्जनीचा गोल म्हणजे ठीक. मूठ म्हणजे हवा कमी उरली. गळ्यासमोरून आडवा हात म्हणजे हवा संपली. तळहात खाली करून हात हळूहळू खाली दाबला म्हणजे सावकाश, शांत, आहेस तिथेच थांब. ते कोरड्यावर उभं राहून आमच्याकडून या खुणा कवायतीसारख्या करून घ्यायचे. कुणाची बोटं वाकडी पडली तर स्वतःच्या हाताने सरळ करायचे. "खूण बघितली की विचार करायचा नाही, करायचं. विचार वर आल्यावर." हाइके त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होती.

उतरण्यापूर्वी बडींनी एकमेकांचं सामान तपासायचं असतं. काका सगळ्यांचं तपासायचे. मात्र हाइकेने त्यांचं तपासायला हात पुढे केला की ते बोट वर करून म्हणायचे, "फेर्टिश." म्हणजे माझं झालंय. इतकी वर्षं हे चाललं होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. सुरक्षाप्रमुखाची सुरक्षा कोण तपासणार?

दोन हजार चारच्या ऑक्टोबरात फेराइनची सहल कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर गेली. आम्ही आठ जण पाण्यात उतरणारे आणि काकू काठावर बसणाऱ्या. काकूंनी बरोबर चिवडा घेतला होता आणि कस्टमवाल्यांनी अडवू नये म्हणून काकांनी त्या डब्यावर 'म्यूसली', म्हणजे तिकडची न्याहारी, अशी पट्टी लावली होती. बेटावर काकू पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घालून छत्रीखाली बसत, ती म्यूसली येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटत, आणि आम्ही पाण्यात गेलो की आमचे टॉवेल मोजत. "नऊ गेले होते, नऊ परत आले पाहिजेत," त्या म्हणायच्या. मी म्हटलं, "काकू, आम्ही आठच आहोत." तर म्हणाल्या, "यांना दोन लागतात."

तिथलं पाणी बघून मला रडू आलं होतं. आमच्याकडच्या तळ्यात हात लांब केला तर पंजा दिसत नाही. इथे वीस मीटर खालून वर काठावरच्या माडाच्या झावळ्या हलताना दिसत. हाइके माझा हात दाबून एकेक मासा दाखवायची. काका मात्र पाटीवर पेन्सिलीने माशांची लॅटिन नावं लिहीत पुढे पुढे जायचे. त्यांना मासे आवडायचे की यादी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिथल्या डायव्हिंगच्या दुकानात एक साधी पद्धत होती. भरलेल्या टाकीच्या तोंडावर चिकटपट्टी लावून ठेवायची. वापरायला घेतली की पट्टी निघते. पट्टी नाही ती टाकी रिकामी, ती भरायला न्यायची. काकांना रोज एकच टाकी हवी असायची, सतरा नंबरची, ती नीट बसते म्हणून. दोनदा ती दुसऱ्या कुणीतरी नेली. तिसऱ्या दिवशी सकाळची फेरी मारून वर आल्यावर काकांनी आपलं यंत्र काढलं, स्वतःच्या नावाची पट्टी केली आणि सतरा नंबरच्या टाकीच्या तोंडावर चिकटवली. दुपारी टाक्या भरणाऱ्यांनी पट्टी बघितली आणि भरलेली समजून ती अर्धवट रिकामी टाकी तशीच ठेवली.

दुपारी काका, हाइके आणि मी, अशी तिघांची तुकडी होती. निघताना काका माझ्यावर चिडले होते, कारण माझ्या पायातल्या पंखाचा पट्टा उलटा लागला होता. तो त्यांनी दोनदा काढून लावायला लावला. वहीत सगळ्यांचे हवेचे आकडे लिहिताना स्वतःचा आकडा त्यांनी सकाळचाच लिहिला. हाइकेने सवयीने हात पुढे केला. "फेर्टिश," काका म्हणाले.

आम्ही बावीस मीटरवर होतो. काका आठ-दहा मीटर पुढे, यादी करत. त्यांच्या मागे जरा उजवीकडे हाइके, तिच्या मागे मी. काका एकदम थांबले. त्यांनी हवेचा काटा डोळ्यांजवळ नेला आणि मागे वळले. पाटी हातातून सुटली. मग त्यांनी हात वर केला.

मूठ केली नाही. गळ्यासमोरून हात नेला नाही. त्यांनी उजवा हात पुढे काढला, तळहात खाली, आणि चारही बोटं आत ओढली. पुन्हा ओढली, भराभर. आपण गॅलरीतून भाजीवाल्याला बोलावतो ना, अगदी तसं. ये, ये, इकडे ये.

जर्मन माणूस बोलावतो तेव्हा तळहात वर असतो. असा पालथा हात तो कुणाला बोलावायला करत नाही. हाइकेने पालथा हात बघितला, खालीवर होणारा, आणि तिला जे शिकवलं होतं ते तिने ताबडतोब केलं. ती थांबली. अंग आडवं करून निश्चल तरंगत राहिली आणि अंगठा-तर्जनीचा गोल करून तिने उत्तरही दिलं. ठीक, थांबले. काकांचा हात आणखी जोरात हलायला लागला. हाइके आणखी शांत झाली. तिने पाय हलवायचेही बंद केले.

मानेवर त्यांनी तीस वर्षं मेहनत घेतली होती. हाताकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

मी विचार केला नाही. मोठं माणूस हाक मारतंय, एवढंच मला कळलं, आणि मी गेले. हाइकेच्या बाजूने जाताना तिने मला अडवायलाही बघितलं, कारण तिच्या समजुतीप्रमाणे थांबायचं होतं. मी माझी जादा नळी काकांच्या तोंडात दिली, त्यांनी माझ्या छातीवरचा पट्टा धरला, आणि आम्ही समोरासमोर हळूहळू वर आलो. मधे पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं. ती तीन मिनिटं त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते. ते म्हातारे डोळे होते, फार घाबरलेले. मान मात्र तेव्हाही ताठ होती.

वर आल्यावर ते म्हणाले, "वाचवलंस गं पोरी." मराठीत. मला इतकं भरून आलं की मी नुसतीच त्यांचा दंड धरून राहिले. तेवढ्यात हाइके वर आली आणि तिने विचारलं, काय झालं? काका तिच्याकडे वळले आणि जर्मनमध्ये म्हणाले, "तुला दिसलं नाही? मी दोनदा खूण केली. आधी हवा कमी, मग हवा संपली."

संध्याकाळी व्हरांड्यात सगळे जमले आणि काकांनी उभं राहून टिपण वाचलं. अठराव्या मिनिटाला हवा कमी असल्याची खूण दिली. पहिल्या बडीची प्रतिक्रिया नाही. हवा संपल्याची खूण दिली. पहिल्या बडीची प्रतिक्रिया नाही, चुकीने 'ठीक' अशी खूण. दुसऱ्या बडीने, अनुभव कमी असूनही, नियमाप्रमाणे मदत केली. टाकीबद्दल एवढंच होतं की दुकानाकडून भरण्यात गफलत. मग सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. हाइकेनेही वाजवल्या.

मी तेव्हा उठून बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं. आमच्या देशात असं बोलावतात, एवढंच. पण माझा करार डिसेंबरात संपत होता, त्याच्याबरोबर इथे राहायची परवानगी संपत होती, आणि करार वाढवायचा की नाही ते काका ठरवणार होते. शिवाय मिरजेचा एक म्हातारा माणूस घाबरून भाजीवाल्याला बोलवल्यासारखा हात हलवत होता, हे मी सगळ्यांसमोर कोणत्या तोंडाने सांगू? दोन्ही कारणं खरी आहेत. कोणतं जास्त खरं होतं ते मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गोड्या पाण्याच्या टाकीत सामान धूत होतो. हाइकेने विचारलं, "तू काय बघितलंस? कोणती खूण होती?"

"मला नीट दिसलं नाही," मी म्हणाले.

"पण तू गेलीस."

"सहज. वाटलं काहीतरी."

तिने धुतलेली नळी पुन्हा पाण्यात बुडवली. मग म्हणाली, "मला 'सावकाश' दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. मी शपथेवर सांगितलं असतं." मग म्हणाली, "पण खोलात कधी कधी डोकं फिरतं म्हणतात. माणसाला भलतंच दिसतं." मी माझे बूट उलटे करून वाळत घातले.

हाइकेने त्यानंतर डायव्हिंग केलं नाही. सामान फेराइनला देऊन टाकलं. तेवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित विसरलेही असते. पण जानेवारीत मी एकदा रंगतपासणीच्या बाजूला गेले, तेव्हा ती एका गाडीभोवती फिरत होती. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मग तिने शेजारच्या माणसाला बोलावून विचारलं, "इथे काही आहे का? बघ ना जरा." तिथे काही नव्हतं. तो माणूस माझ्याकडे बघून खांदे उडवून गेला. दीड वर्षाने तिने स्वतःच अर्ज करून कागदपत्रांच्या विभागात बदली घेतली. सगळ्यांना सांगितलं, वय झालं, डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. तिच्या डोळ्यांना काहीही झालं नव्हतं. त्या बावीस मीटरवर आमच्या तिघांत फक्त तिनेच नीट बघितलं होतं.

काका मुद्दाम खोटं बोलले असं मला पहिले काही दिवस वाटत होतं. पण तसं नव्हतं. आपण बरोबर खूण केली याची त्यांना पक्की खात्री होती. ते मला नोव्हेंबरातल्या एका शनिवारी त्यांच्या घरी गेले असताना कळलं. त्या आठवड्यात फुटपाथ झाडायची पाळी त्यांच्या घराकडे होती. काकू खाली झाडू घेऊन उभ्या होत्या आणि काका गॅलरीतून लक्ष ठेवत होते. मग त्यांनी काकूंना वर बोलावलं. हात बाहेर काढला, तळहात खाली, चार बोटं आत, भराभर.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, हाच हात. त्या दिवशी तुम्ही हाच हात केला होतात."

काका म्हटल्याबद्दल ते रागावले नाहीत. त्यांनी तो हात डोळ्यांसमोर धरला. पालथा केला, उताणा केला, परत पालथा केला. त्यांचा चेहरा उतरत गेलेला मी बघितला. त्यांना कळलं. सगळं कळलं.

"उनझिन," ते म्हणाले. मूर्खपणा. मग दार लावून घेऊन हळू आवाजात, मराठीत: "तीस वर्षं मी या लोकांना खुणा शिकवतोय. आणि मरायच्या वेळी मी असा हात केला? असं सांगणार आहेस तू त्यांना?"

"हाइकेला तरी सांगा. तिला एकटीला."

"हाइके समजूतदार आहे. तिने मनाला लावून घेतलेलं नाही."

"घेतलंय."

ते खुर्चीत बसले, पेन्सिल उचलली, सरळ रेषेत ठेवली. "तुझा कागद माझ्या टेबलावर आहे," ते जर्मनमध्ये म्हणाले. "सोमवारी बघू." ती धमकी नव्हती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. सोमवारी त्यांनी माझ्या करारावर सही केली. दोन वर्षांसाठी नव्हे, कायमची. मी त्यांचे आभार मानले आणि मान वर-खाली केली, त्यांनी शिकवली होती तशी.

ज्या माणसाला आपली चूक कळलेली नाही त्याला माफ करता येतं. काकांना कळली होती. त्यानंतरही दर मोसमात नव्या लोकांना ते बेटावरचा प्रसंग धडा म्हणून सांगत राहिले, 'पहिली बडी', 'दुसरी बडी' असं नावं न घेता, आणि नावं सगळ्यांना माहीत होती. आपल्या बोटांत अजून मिरज आहे हे कबूल करण्यापेक्षा एका बाईचा तिच्या डोळ्यांवरचा विश्वास गेलेला त्यांना चालला. एवढी कसली लाज होती त्यांना? मिरजेत काय वाईट होतं? तो हात होता म्हणून तर ते वाचले. जर्मन खूण त्यांना आठवली नाही तेव्हा आईने शिकवलेली खूण कामाला आली, आणि ती ओळखणारं कुणीतरी तिथे होतं. हे त्यांनी हसत सांगितलं असतं तर फेराइनमधल्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं असतं.

आणखी एक गोष्ट. दर वर्षी ऑक्टोबरात हाइके त्यांच्या घरी प्लमचा केक घेऊन यायची. का, ते ती बोलायची नाही आणि काकाही विचारायचे नाहीत. ते काट्याने केक खायचे आणि म्हणायचे, "हं, छान झालाय." काकू मला एकदा स्वयंपाकघरात म्हणाल्या, "काय गं, ही नेमाने केक कशाला आणते? हिच्याकडे आपलं काही आहे का?" मी म्हणाले, "नाही काकू. चांगली आहे ती, म्हणून." काकूंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि कपात चहा गाळला.

काका दोन हजार आठच्या वसंतात गेले, हृदयविकाराने, घरीच. फेराइनच्या अंकासाठी मृत्युलेख मी लिहावा असं सगळ्यांनी सुचवलं. त्यांना वाचवणारी मीच, त्यांच्या गावाकडची मीच. मी लिहिला. त्यात मी लिहिलं की प्राणावर बेतलं तेव्हाही त्यांचं भान सुटलं नाही आणि त्यांनी प्रत्येक खूण अचूक केली. कुणी मला हे वाक्य लिहायला सांगितलं नव्हतं. माझी नोकरी आता पक्की होती, पासपोर्टवर कायमचा शिक्का होता, काका पेटीत होते. तरी मी ते लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर चार वर्षं मी काय करत होते तेही लिहावं लागलं असतं.

दफनभूमीत हाइके आली होती. तिने काकूंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "त्या दिवशी मी त्यांच्या मदतीला गेले नाही. मला क्षमा करा." काकूंना तेवढं जर्मन कळलं नाही, किंवा कळलं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणतेय गं ही?"

"म्हणतेय, फार चांगला माणूस होता," मी म्हणाले.

काकूंनी हाइकेच्या गालावरून हात फिरवला. मग सगळे पांगले आणि मी गाडीकडे निघाले, तर हाइके मागून आली. "आता ते नाहीत," ती म्हणाली. "आता कुणाला वाईट वाटणार नाही. खरं सांग. तू काय बघितलंस?" आणि तिने हात पुढे करून मला दाखवलं. तळहात खाली, बोटं सरळ. "मी हे बघितलं."

तिचा हात बरोबर होता. फक्त बोटं वाकवायची राहिली होती. मी तिची चार बोटं धरून आत ओढली असती तर तिला सगळं कळलं असतं, शब्दही लागला नसता. जिने मला पाण्यात धरलं त्या बाईचा हात माझ्यासमोर होता, आणि मी म्हणाले, "फार दिवस झाले, हाइके. मला आता आठवत नाही."

"मग मीच चुकीचं बघितलं असेल," ती म्हणाली, आणि तिने हात कोटाच्या खिशात घातला.

ती अजून त्याच गावात राहते. तिचं घर माझ्या घरापासून बसने तीन थांब्यांवर आहे. हे सगळं तिला कळेल अशा भाषेत लिहायला मला एक पान पुरलं असतं. मी ते मराठीत लिहिलं आहे, कारण हाइकेला मराठी वाचता येत नाही.